घरकुलला आलेलं स्थळ

४ मे

ही डायरी मागच्या वर्षीची आहे. बँकेनं फुकट दिली होती, कोरीच पडून राहिली. तारखा चालतात, वार चुकतात. ते मी खोडून बाजूला लिहीन. नवी विकत आणायची आणि पहिल्याच पानावर तिची किंमत लिहायची, त्यापेक्षा ही बरी.

लिहायला कारण असं की, घरात आज जे सुरू झालंय ते हिशेबाच्या वहीत कुठे मांडायचं कळेना. तिथे दूध, वीज, देवाचं तेल असे रकाने आहेत. अफवेला रकाना नाही.

दुपारी धाकटे भावजी आले. ह्यांचे भाऊ. चपला काढायच्या आधीच म्हणाले, "दादा, दार लावून घे." दार लावलं. मग खिडकी लावायला लावली. उकाड्यानं माझा जीव कासावीस. बातमी अशी की, थोरली घरकुलला घेणार.

नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे माझा मलाच घोळ व्हायला नको. घरकुल म्हणजे घरासाठी कर्ज देणारी कंपनी. तिचे शेअर माझ्या नावावर आहेत. लेक प्राथमिक शाळेत होती तेव्हापासून घरखर्चातून वाचवून थोडे थोडे घेत आले. साठाला घेतलेला आज एकशेचाळीस झालाय. लेक आता फिजिओथेरपिस्ट आहे, दुसऱ्याच्या दवाखान्यात लोकांच्या माना आणि गुडघे सरळ करते. तिला स्वतःचा दवाखाना काढायची वेळ आली की हे शेअर विकायचे, हे मी देवासमोर बोलून ठेवलंय. थोरली म्हणजे ती मोठी बँक. ह्यांचं पेन्शन तिथेच येतं आणि ही डायरीही तिचीच.

"घेणार म्हणजे काय करणार?" मी विचारलं.

"विलीन करून घेणार," हे म्हणाले. "आपले घरकुलचे शेअर जाणार, बदल्यात थोरलीचे मिळणार. कितीला किती, ते प्रमाण ठरेल."

"म्हणजे लग्नच की. नाव बदलणार, माहेरचं सगळं सासरी जाणार."

"तसं समज."

"मग थोरलीचं घर कुणी बघून आलं का?"

दोघे भाऊ हसले. भावजी म्हणाले, "वहिनी, यात घर बघत नसतात, ताळेबंद बघतात."

म्हणजे कुणीच बघितलेलं नाही.

७ मे

हे निवृत्त झाल्यापासून दीर्घ मुदतीचे झालेत. कुठलंसं पुस्तक वाचलं तेव्हापासून. "एकदा घेतलं की दहा वर्षं भावाकडे ढुंकून बघायचं नाही," असं दिवसातून चारदा सांगतात आणि सांगताना फोनकडे बघत असतात. सकाळी बाजार उघडला की फोन घेऊन जे बाथरूममध्ये जातात ते नळ सोडून अर्धा तास बाहेर येत नाहीत. पोट बिघडलेलं दिसतंय. जेवण मऊ आणि बिनतिखटाचं करते आहे. मानही धरलीय. उशी काढून टॉवेलची घडी दिली, तरी फरक नाही.

लेक संध्याकाळी खुशीत आली. औषधवाल्याच्या दुकानाशेजारचा त्याचाच गाळा रिकामा होतोय. रस्त्यालगत, पायऱ्या नाहीत, गुडघ्याच्या पेशंटला सोयीचा. अनामत मोठी आहे, पण तो महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाला. नंतर चष्मेवाल्याला देणार.

"आई, आता विकायचे ना?"

मी हो म्हणणार एवढ्यात हे म्हणाले, "आता? स्थळ दारात येऊन उभं राहिलंय आणि तू पोरीला घराबाहेर काढतेस?"

"बाबा, पोरगी मी आहे," लेक म्हणाली. "घरकुल कंपनी आहे."

११ मे

सकाळची पूजा आटोपून थोरलीच्या शाखेत जाऊन आले. पासबुक भरून घ्यायचं निमित्त केलं. बरोबर ही डायरी नेली, म्हणजे विसरायला नको.

घर चांगलं आहे. पेनं दोऱ्यानं टेबलाला बांधलेली. बेसिनचा नळ गळका, पण खाली बादली ठेवून ते पाणी कुंडीला घालतात. एक साहेब उठून आत गेले तर जाताना डोक्यावरचा पंखा बंद करून गेले. चहा आला तो अर्धा कप, तोही मला नाही. माझ्या मनात भरलं. असं हात आखडून राहणारं घर सुनेला पहिली दोन वर्षं जाचतं, पण उपाशी ठेवत नाही.

पासबुकवाल्या बाई म्हणाल्या, "तुमचे साहेब गेल्या आठवड्यात आले होते, ठेवीची पावती घेऊन." पावती बरोबर घेऊन जातात म्हणजे सांभाळून आहेत. बरं वाटलं.

१३ मे

मुलाकडचं बघितलं आणि मुलीकडचं नाही, असं कसं चालेल? इतकी वर्षं शेअर ठेवले, पण घरकुलच्या ऑफिसात मी कधी पाय ठेवला नव्हता. आज गेले.

काचेचं दार आपोआप उघडतं. आत इतकं गार की पिशवीतला रुमाल काढून कानाला बांधला. काउंटरवर ताजी फुलं, रोज बदलतात म्हणे. आल्याआल्या मला पाण्याची बंद बाटली दिली. शेजारच्या माणसानं त्याच्या बाटलीतले दोन घोट पिऊन बाकीची तशीच टाकली. मी डायरी उघडून ते टिपून घेतलं.

काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, आपण कुठून?"

"थोरलीत जाऊन आले," मी खरं ते सांगितलं. "ते सगळं बघून झालं. आता तुमच्याकडचं बघायचंय."

ती आत गेली. लगेच मॅनेजर आले. तरुण, चुणचुणीत, पण घाम फार येतो, एवढ्या गारव्यात. माझ्या हातातल्या डायरीकडे बघून म्हणाले, "आम्हाला काही कळवलं नव्हतं."

"कळवून गेलं की घर आवरून ठेवतात. मग काय दिसणार?"

"बरोबर आहे, मॅडम."

मी चहाची खोली बघितली. साखरेच्या डब्याला झाकण नाही. बाथरूम बघितलं, दिवा दिवसाढवळ्या चालू. एका खोलीत कुणीच नव्हतं, पण पडदा आणि मशीन दोन्ही सुरू. मॅनेजर सगळीकडे बरोबर होते आणि मी काही बोलायच्या आत "होय, मॅडम" म्हणत होते. मुलगा नम्र आहे. निघताना मी सांगितलं, "मुलगी गुणाची असेल, पण हात सैल आहे. तिकडे असं चालणार नाही."

ते दारापर्यंत पोचवायला आले. दार आपोआप उघडतं, तरी धरून उभे राहिले.

१९ मे

मधले दिवस रोजच्यासारखेच. आज भावजी आले आणि दार, खिडकी, शिवाय पंखाही बंद करायला लावला. पंखा कशाला, तर म्हणे आवाजात महत्त्वाचं ऐकू यायचं नाही.

"दादा, पक्की बातमी. थोरलीनं गेल्या आठवड्यात गुप्तपणे एक बाई पाठवली होती घरकुलच्या ऑफिसात. पाहणीला. आमच्या दलालाचा मेव्हणा तिथेच कर्जाच्या टेबलावर आहे, त्यानं डोळ्यांनी बघितलं."

"कशी होती?" ह्यांनी विचारलं.

"तेच तर. कुणाला संशय येऊ नये म्हणून अगदी साधी बाई पाठवली. झिजलेल्या चपला, कानाला रुमाल. पण नजर अशी की मॅनेजरला घाम फुटला. साखरेचा डबासुद्धा सोडला नाही तिनं. वर ऐकवून गेली, तिकडे असं चालणार नाही. तिकडे. कळलं का? म्हणजे तिकडे जायचं ठरलंय."

हे उठून बसले. मान दुखतेय हे विसरले.

"आणि हातात थोरलीची डायरी," भावजी म्हणाले. "मागच्या वर्षीची. म्हणजे प्रकरण वर्षभर शिजतंय."

लेक दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "काका, तिच्याकडे पिशवी होती का हो?"

"होती. खाकी. एक बंद तुटलेला, गाठ मारलेली."

लेकीला एकदम ठसका लागला. पाणी पिऊनही जाईना, बाल्कनीत जाऊन उभी राहिली. खांदे हलत होते बिचारीचे. माझ्याही पिशवीचा बंद तुटलाय ते आठवलं. शिवून टाकायला हवा.

मला त्या बाईचं कौतुक वाटलं. थोरलीकडे इतकं बारीक बघणारं माणूस आहे म्हणजे माझा अंदाज चुकला नाही. मीही त्याच आठवड्यात गेले होते. थोडं पुढेमागे झालं असतं तर भेट झाली असती.

२१ मे

भाव एकशेअठ्ठ्याऐंशी. हे बाथरूममधून बाहेर आले ते शीळ वाजवत. पोट सुधारलेलं दिसतंय.

लेक म्हणाली, "आई, आज विक. अनामत होऊन वर टेबल आणि शेकाचं मशीनही येईल. आणि मला त्या बाईबद्दल तुला काही सांगायचंय."

"त्या बाईबद्दल आता कुणी काही बोलायचं नाही," हे म्हणाले. "भिंतींना कान असतात. आणि विकायचं तर अजिबात नाही. प्रमाण जाहीर होऊ दे, मग बघ."

"बाबा, अहो, ती बाई म्हणजे—"

"पुरे."

मी देवापुढे बसले. जपात मन लागेना. नफा मी कधी मागितला नाही, आजही नाही मागितला. एवढंच म्हटलं, प्रमाण काय ते लवकर ठरव, पोरीचा गाळा जातोय. मग वाटलं, त्याला एवढी कामं असताना आपण कंपन्यांची सोयरीक घेऊन बसलो. पण भावजींनी माझ्यादेखत, चपला घालता घालता, देवाला हात जोडून "दोनास एक होऊ दे" म्हटलं होतं, तेव्हा माझं मागणं त्या मानानं फारच साधं होतं.

२५ मे

दोन्ही कंपन्यांनी जाहीर केलं. असा कुठलाही प्रस्ताव नाही, कधी नव्हता.

भाव घसरला. लेकीनं वर्तमानपत्र ह्यांच्यासमोर ठेवलं. ह्यांनी त्याची घडी घालून ते बुडाखाली घेतलं. मग भावजींचा फोन आला आणि चेहऱ्यावर रंग परतला. भावजी म्हणाले, हाच तर पुरावा. काही नसतं तर नाही कशाला म्हणाले असते? ठरेपर्यंत सगळे नाहीच म्हणतात.

मला हे पटलं. माझ्या मामेबहिणीचं जमलं तेव्हा तिची आई साखरपुड्याच्या दिवसापर्यंत आम्हाला "कुठे काय, काहीच नाही" म्हणत होती.

दुपारी भाव अर्धा परत वर आला. म्हणजे असं मानणारी पुष्कळ माणसं आहेत.

२७ मे

लेकीनं आज आवाज चढवला नाही, त्याचंच मला जास्त लागलं. "राहू दे, आई. चष्मेवाला घेईल गाळा. मी आहे तिथे ठीक आहे," म्हणाली आणि माझ्या हातातली भांडी घेऊन घासायला लागली. ती आहे तिथे ठीक नाही. तिथला डॉक्टर तिच्या पेशंटचे पैसे स्वतः घेतो आणि तिला महिन्याला ठरलेले देतो. हे तिनं कधी सांगितलं नाही, मीच विचारून काढलं.

ह्यांनी तोडगा काढला. शेअर विकायचे नाहीत आणि गाळाही सोडायचा नाही. राहतं घर गहाण ठेवून कर्ज काढायचं. कुणाकडून? घरकुलकडून.

"आपणच कर्जदार, आपणच मालक," भावजी म्हणाले. "व्याज दिलं तरी लाभांश म्हणून आपल्याकडेच येणार. घरातला पैसा घरात."

दोघे निघून गेल्यावर मी मांडून बघितलं. व्याजाच्या आकड्यापुढे लाभांश म्हणजे शेजारणीनं परत केलेली वाटीभर साखर. तीही तिच्या वाटीनं मोजून. ह्यांना दाखवलं तर म्हणाले, "तू लांबचं बघत नाहीस."

मी लांबचं बघते की नाही मला माहीत नाही. हे घर आम्ही कर्ज फेडून मोकळं केलं त्या दिवशी ह्यांनी उंबऱ्यावर बसून चहा प्यायला होता, आणि मी दुसरा कप दिला नाही म्हणून रागावलेही होते. ते मला जवळचं वाटतं.

२९ मे

कागद घेऊन घरकुलमध्ये मीच गेले. सही दोघांची लागणार होती, पण ह्यांची मान आज हलतच नव्हती आणि बाजार उघडा होता. देवाला सांगून निघाले, जे योग्य असेल ते होऊ दे.

दार उघडलं आणि अख्खं ऑफिस उभं राहिलं. फुलं गेलेली. बाटल्यांच्या जागी तांब्या आणि पेले. साखरेच्या डब्याला झाकण. पेनं दोऱ्यानं बांधलेली. मला भरून आलं. सांगितलेलं ऐकतं, असं घर आजकाल कुठे बघायला मिळतं?

मॅनेजरांनी आत नेलं. मी घराचे कागद पुढे ठेवले आणि म्हटलं, कर्ज हवंय.

ते कागदांकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे हाही पाहणीचाच भाग का, मॅडम?"

"हो तर. तुम्ही बघाल ना कागद."

"आपले कागद मी काय बघणार? मंजूर आहे. आपण म्हणाल तेवढं. उद्या मिळेल."

"मिळकत किती, विचारणार नाही?"

"आपल्याला कसं विचारणार?"

"फेडू कशी, तेही नाही?"

ते नुसते हसले. कपाळावर पुन्हा घाम.

शेजारीण कपभर तेल मागते तेव्हासुद्धा मी विचारते, काय करणार आहेस आणि परत कधी देशील. आणि इथे हा मुलगा एका अनोळखी बाईला, जिचं नावही त्यानं विचारलं नाही, घराएवढे पैसे द्यायला निघाला. तांब्या-पेला मांडून काय उपयोग? तिजोरीलाच झाकण नाही.

मी कागद गोळा केले. "नको," म्हटलं. "आमचं जमायचं नाही."

"काय चुकलं, मॅडम?" मुलगा अगदी रडवेला.

"न विचारता देता. अशा घरात आमचे पैसे राहायचे नाहीत."

तिथून सरळ दलालाच्या ऑफिसात गेले आणि सगळे शेअर विकून टाकले. भाव एकशेबहात्तर होता. सही करायच्या आधी आकडा दोनदा मोजला. इतकी वर्षं वाढवलेलं. पण ह्यांना विचारत बसले असते तर त्यांनी मला लांबचं दाखवलं असतं.

घरी येऊन सांगितलं. हे उठले. फोन घेऊन बाथरूममध्ये गेले. नळ मात्र आज सोडला नाही.

३१ मे

काल दुपारी घरकुलचा भाव धाडकन कोसळला. एकशेदहा. आज आणखी खाली.

भावजी आले. दार त्यांनी उघडंच ठेवलं. "त्या बाईनं घात केला," म्हणाले. "परवा पुन्हा आली होती. कागद मागवले, बघितले आणि जमायचं नाही म्हणून उठून गेली. आमच्या दलालाच्या मेव्हण्यानं ऐकलं, थोरलीचे पैसे अशा घरात राहायचे नाहीत म्हणाली. बाजारभर झालं."

"नेमकं माझ्या मनातलं बोलली," मी म्हटलं.

भावजींनी माझ्याकडे असं बघितलं की मी चहा करायला उठले.

पैसे जमा झाल्याचं कळलं. लेकीनं अनामत भरली. औषधवाल्यानं पावती दिली तेव्हा ती मला दाखवत होती आणि मला डोळ्यांना नीट दिसेना. चष्मेवाल्याकडे जावं लागेल. त्याला गाळा मिळाला नाही, निदान एक गिऱ्हाईक तरी.

१५ जून

आज दवाखाना उघडला. देवाची तसबीर मी सकाळीच नेऊन लावली. पहिला पेशंट म्हणून ह्यांना नेलं, कारण मान आता डावीकडे वळतच नाही.

लेकीनं त्यांना टेबलावर पालथं झोपवलं. टेबलाला तोंडाकडे एक गोल भोक असतं, त्यातून माणसाला फक्त जमीन दिसते. तिनं मानेवर हात ठेवला.

"बाबा, ही फोननं धरलेली मान आहे."

"उशीनं धरलीय," मी म्हटलं.

"बाबा, घरकुलचे तुमचे किती आहेत?"

मग भोकातून आवाज आला, "थोडे."

"थोडे म्हणजे?"

"ठेव मोडून आले तेवढे."

"कधी घेतले?"

"ती बाई येऊन गेली त्यानंतर. एकशेअठ्ठ्याऐंशीला."

मी खुर्चीवर बसले. थोरलीत पावती घेऊन गेले होते, ते याचीच चौकशी करायला. मी इतके दिवस त्यांचं जेवण बिनतिखटाचं करत होते. रागवायचं ठरवलं होतं, पण पालथ्या माणसावर कसं रागवायचं? पाठ इतकी लहान दिसत होती.

"आता दहा वर्षं बघू नका त्यांच्याकडे," मी म्हटलं. "दीर्घ मुदत आहे ना."

"हो," हे म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "तू विकलेस ते बरं केलंस."

फोन मी पिशवीत टाकला. बंद अजून शिवायचा राहिलाय.

लेक पैसे घेईना. पहिलाच पेशंट फुकट नको म्हणून मी ह्यांच्या पाकिटातून काढून टेबलावर ठेवले. कमीच होते, पण पाकिटात तेवढेच होते.

निघताना हे डावीकडे मान वळवून दाखवत होते. म्हणाले, "ती बाई आली नसती तर मी घेतलेच नसते."

"तिला नावं ठेवू नका," मी म्हटलं. "तिनं तिचं काम केलं. तिच्या येण्यानं पोरीचा भाव वाढला, तिच्या जाण्यानं पडायच्या आधी माझे विकले गेले. देवानंच पाठवली असेल."

दवाखान्याच्या दारातून लेक म्हणाली, "आई, त्या बाईला एकदा घरी चहाला बोलव."

पत्ता मिळाला तर बोलवीन. अशा माणसाशी ओळख असलेली बरी.